टीव्हीतली आई ओ देत नाही तेव्हा

नोकरी करणाऱ्या आयांचा माझ्याकडे एक प्रश्न ठरलेला असतो, मी दिवसभर बाहेर, बाळ मला परकं करेल का, नोकरी सोडू का? बँकवाल्या विचारतात, नर्स विचारतात, पण एका न्यूज अँकरची केस जरा वेगळी निघाली म्हणून सांगते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत).

ती डिचोलीकडची, पणजीत एका लोकल चॅनलवर संध्याकाळचं बुलेटिन वाचायची. कायद्याप्रमाणे मिळते ती 26 आठवड्यांची रजा संपवून कामावर आली, सुरुवातीचे महिने बरे गेले, आणि मुलगा सव्वा वर्षाचा झाल्यावर रोज संध्याकाळी आकांत सुरू. घरी आली की तिच्याकडे जायचाच नाही, आजीला चिकटून बसायचा. ती राजीनामा टाईप करूनच आली होती, मोबाईलमध्ये दाखवला मला.

मी विचारलं, रडतो नेमका कधी? तर म्हणाली, बुलेटिनच्या वेळी. म्हटलं, म्हणजे? तर सासूबाई अगदी प्रेमाने टीव्ही लावून "बघ बघ आई आली" म्हणायच्या. पोरगं स्क्रीनवर थापा मारायचं, हाका मारायचं आणि आई कानात इअरपीस घालून प्रॉम्प्टर (कॅमेऱ्यासमोर सरकणारा मजकूर) वाचतेय, पीसीआरमधून, म्हणजे कंट्रोल रूममधून, प्रोड्युसर कानात ओरडतोय, चेहरा मात्र गंभीर, सरळ त्याच्याकडेच बघतेय आणि ओ देत नाही!

एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1970च्या दशकात एक प्रयोग केला होता, आईने बाळासमोर बसून दोनेक मिनिटं चेहरा एकदम निर्विकार ठेवायचा. बाळं आधी हसून बघतात, हात पुढे करतात, आवाज काढतात, आणि काहीच होत नाही म्हटल्यावर तोंड फिरवून रडायला लागतात. आई समोर नसणं बाळ हळूहळू पचवतं, आई समोर असून प्रतिसाद न देणं त्याला झेपत नाही, आणि या घरात नकळत तेच रोज चाललं होतं. शिवाय दहा ते अठरा महिन्यांत आई नजरेआड झाली की रडणं तसंही जोरात असतं, त्यात नोकरीचा दोष काय?

मग टीव्ही बंद. व्हिडिओ कॉल चालेल, कारण तिथे आई उत्तर देते. दुसरं म्हणजे ही पोराची नजर चुकवून मागच्या दाराने निघायची, रडू नये म्हणून. ते थांबवलं. सांगून, टाटा करून जायचं, रडला तर रडू दे, पळून गेलेल्या आईची तो दिवसभर वाट बघतो. मेकअप ऑफिसातच पुसून यायचं, आणि आल्या आल्या त्याला ओढून घ्यायचं नाही, नुसतं शेजारी बसायचं. हे तिला सगळ्यात जड गेलं, पण थोड्या आठवड्यांत तो आपणहून मांडीवर यायला लागला.

नवऱ्यालाही बोलावलं. सरकारी नोकरी, साडेसहापर्यंत घरी, तरी संध्याकाळी मूल सांभाळायला आजीच. का, तर "तो माझ्याकडे राहत नाही". अहो, ठेवून घेतल्याशिवाय राहील कसा? आता संध्याकाळची आंघोळ आणि पेज भरवणं त्याच्याकडे आहे.

सासूबाई सुनेवर चिडलेल्याही होत्या, पण तो राग बाळावरून नव्हताच, चवथीचा, म्हणजे गणेश चतुर्थीचा होता. घरात सगळे मिळून माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधतायत आणि सून टीव्हीवर नऊवारी नेसून अख्ख्या गोव्याला शुभेच्छा देतेय, शेजारपाजार काय म्हणतो हे मी इथे लिहीत नाही. यावर माझ्याकडे काही थोर उपाय नव्हता. तिनेच एका कॅथलिक सहकाऱ्याशी अदलाबदल ठरवली, चवथीला तो बसणार, नाताळला ही. राजीनामा अजून मोबाईलमध्ये आहे म्हणे, डिलीट केलेला नाही, आणि मीही कर म्हणून सांगितलं नाही. सासूबाई खूश आहेत, फक्त आता नाताळात पाहुणे येतात तेव्हा ही घरी नसते म्हणून कुरकुरतात.