बडोद्यात घरच्या स्टुडिओसाठी जुना अ‍ॅनालॉग मिक्सर घेतोय, काय तपासू?

गरब्याच्या मैदानात धूळ खाल्लेला असेल तर स्वस्त असला तरी नको. मी दांडिया बाजारातल्या एका ओळखीच्याकडून असाच आणला होता. फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) हलवला की पापड मोडल्यासारखी खरखर! हेडफोन आणि कंडेन्सर माइक घेऊनच बघायला जा. प्रत्येक चॅनलचा गेन (माइकची पातळी), ईक्यू (बास-ट्रेबल), पॅन (डावा-उजवा) फिरवून ऐका, कंडेन्सर माइकला वीज देणारा ४८ व्होल्टचा फँटमही तपासा. इनपुटला काहीच न जोडता मास्टर (मुख्य आवाज) वर करा. घुंऽऽ आलं तर पॉवर सप्लायवर संशय घ्या.

तबला-पेटी वेगवेगळ्या ट्रॅकवर हवी असेल तर प्रत्येक चॅनलचा आवाज वेगळा बाहेर काढता येणारे डायरेक्ट आउट किंवा इन्सर्ट आहेत ना, ते बघा. यामाहा एमजी१०एक्सयूसारख्यांत यूएसबीतून फक्त स्टिरिओ मिक्स, म्हणजे सगळं एकत्र झालेलं, जातो. दोनच माइक असतील तर मिक्सर कशाला? माइक कॉम्प्युटरला जोडणारा साधा ऑडिओ इंटरफेस घ्या.