फोकस्टनहून कॅले: पहिल्यांदा कॅरॅव्हॅन नेताना

अरे, पहिल्याच फेरीत स्पेन गाठायचा हट्ट नको. इंग्लंडमधल्या फोकस्टनहून फ्रान्समधल्या कॅलेला समुद्राखालच्या बोगद्यातून आगगाडी जाते. आपली मोटार आणि तिच्यामागे ओढायचं चाकांवरचं घर, म्हणजे कॅरॅव्हॅन, त्या आगगाडीतच चढवायची. बोगद्यातला प्रवास जेमतेम 35 मिनिटांचा, तोही आपल्या मोटारीतच बसून. खरी धावपळ त्याआधी. फ्रेंच पासपोर्ट तपासणी फोकस्टनलाच होते. तुझा पासपोर्ट भारतीय असेल तर फ्रान्ससाठी लागणारा शेंगेन व्हिसा आधीच काढ. कॅरॅव्हॅनमधला गॅस सिलिंडर बंद लागतो. तिथला माणूस बघायला येतो, म्हणून सिलिंडरच्या लॉकरची किल्ली हाताशी ठेव. माझी कपड्यांच्या बॅगेत तळाशी होती, आणि मागे ही रांग! वहिनींना सांग, तूप-पेढे घरीच ठेवा. ब्रिटनमधून दुधाचे पदार्थ पलीकडे नेता येत नाहीत. चिवडा खुशाल घ्या. उतरलास की घड्याळ तासभर पुढे, गाडी उजव्या बाजूने. पहिला मुक्काम कॅलेजवळच कर.