मग आम्ही तिचे कोण?

कळव्याहून आलेल्या काकूंनी पर्समधून चार घड्या घातलेला वहीचा कागद काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. “मॅडम, आधी हे वाचा. मग बोलते.”

त्यांच्या सायलीचं (नाव बदललं आहे) भाषण होतं ते. ठाण्यातल्या एका कार्यक्रमात ती ते वाचून आली होती. निळ्या पेनाने लिहिलेलं, बरीच खाडाखोड. एका वाक्याखाली काकूंनी पेन्सिलीने रेघ ओढली होती: ‘दुसरी पोळी मागायला मला तीन वर्षं लागली.’

“मी काय उपाशी ठेवलं हो पोरीला?” एवढंच म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं.

सायली नऊ वर्षांची असताना बाल कल्याण समितीच्या, म्हणजे निराधार मुलांबद्दल निर्णय घेणाऱ्या सरकारी समितीच्या आदेशाने या घरी आली. आई वारलेली, वडिलांचा पत्ता नाही. काका-काकूंनी तिला वाढवलं. दत्तक घेतलं नव्हतं. आता ती एकोणीस वर्षांची आहे. कॉलेज सांभाळून ती बालगृहात किंवा प्रतिपालक कुटुंबात, म्हणजे दत्तक न घेता समितीच्या आदेशाने मूल सांभाळणाऱ्या घरात, वाढलेल्या मुलांच्या हक्कांसाठी काम करते. अशा घरांतले पालक मला हा प्रश्न वरचेवर विचारतात: मूल चारचौघांत हक्कांचं बोलायला लागलं म्हणजे आमचं काही चुकलं का? आणि उद्या लग्नाच्या वेळी हे सगळं निघालं तर?

सायलीशी मी वेगळं बोलले. सुरुवातीलाच माझी चूक झाली. मी म्हटलं, “काकूंना काय वाटेल याचा विचार केलास का?” ती गप्प झाली. लहानपणापासून तिने हेच तर ऐकलं होतं: त्यांनी तुझ्यासाठी एवढं केलं, आता तू शहाण्यासारखं वाग. उपकाराच्या ओझ्याखाली मूल मागणंच विसरतं, हे ठाऊक असून मीही त्या ओझ्यात भर घातली होती. मी तिची माफी मागितली. मग ती बोलली.

“काकू वाढायच्याच हो, ताटात बघून वाढायच्या. पण मागितली तर चालते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. समितीसमोर नेलं तेव्हा सगळे काकूंशी बोलले. तुला काय वाटतं, असं मला कुणीच विचारलं नाही.”

खरं तर २०१५च्या बाल न्याय कायद्यात मुलाचं म्हणणं ऐकून घेणं हे मूलभूत तत्त्व आहे. त्याच कायद्यात बालगृहासारख्या संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी अठरा पूर्ण झाल्यावरही एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे राहणं, शिक्षण, कामाचं प्रशिक्षण यांसाठी आधाराची तरतूद आहे. अपवादात्मक परिस्थितीत ती नियमांनुसार तेविसाव्यापर्यंत वाढवता येते. सायलीची बालगृहातली मैत्रीण अठरा पूर्ण झाल्यावर कपड्यांची पिशवी घेऊन बाहेर पडली, तेव्हा तिला हे माहीतच नव्हतं. सायलीचा गट आता सतरा वर्षांच्या मुलांना हेच सांगतो. आधार कार्ड, बँक खातं, अनाथ प्रमाणपत्र वेळेत कसं काढायचं, जिल्हा बाल संरक्षण कक्षात अर्ज कसा द्यायचा, हे सगळं. अशा बोलण्याने काय होतं ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. स्वतः अनाथालयात वाढलेल्या अमृता करवंदेने पाठपुरावा केला आणि २०१८ मध्ये राज्यात अनाथ मुलांसाठी १ टक्का समांतर आरक्षण आलं.

काकूंना हे सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, पण चेहरा सैलावला नाही. काहीतरी वेगळंच आत अडकलं होतं. तिसऱ्या भेटीत निघालं.

“अठरा झाली तेव्हा समितीचा कागद संपला. आता ती आमच्याकडे राहते ते तिच्या मर्जीने. ती तिच्या हक्कांचं बोलते, मॅडम. आमचा तिच्यावर कुठला हक्क आहे?”

या भीतीवर माझ्याकडे कायद्याचं उत्तर नव्हतं. प्रतिपालकत्व म्हणजे दत्तक नव्हे, आणि अठरानंतर नातं कागदावर उरत नाही, हे खरंच आहे. मी त्यांना एवढंच म्हटलं की हे सायलीला सांगा, जसं मला सांगितलंत तसंच. त्यांनी तिथेच, माझ्यासमोर सांगितलं. सायली बराच वेळ त्यांच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, “मला वाटलं, अठरा झाल्यावर तुम्हीच जायला सांगाल. म्हणून मी कधी विचारलं नाही.”

दोघी दहा वर्षं एका घरात राहिल्या आणि एकच प्रश्न दोघींनी गिळला होता.

लग्नाच्या काळजीबद्दलही बोललो. हक्कांसाठी बोलताना स्वतःची सगळी कहाणी उघडी करावी लागत नाही. काय सांगायचं, काय नाही, ते सायलीने ठरवायचं. संयोजकांनी नाही, काकूंनीही नाही. भाषणानंतर दोन रात्री झोप लागत नाही असं ती म्हणाली, म्हणून आईच्या मृत्यूचा भाग तिने सध्या काढला. पोळीचं वाक्य ठेवलं.

पुढच्या कार्यक्रमाला काकू गेल्या. शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. शेजारच्या मुलाने विचारलं, “काकू, तुम्ही कुणाकडच्या?”

“मी सायलीकडची,” त्या म्हणाल्या. हे त्यांनी मला रात्री मुद्दाम फोन करून सांगितलं.