मॉर्फिन दिलं तर हत्येचं पाप लागेल का?

प्रश्न : वडिलांचा कर्करोग शेवटच्या टप्प्यात आहे. रात्रभर कण्हतात. डॉक्टर मॉर्फिन सुरू करू म्हणतात. आत्या म्हणते, त्याने श्वास मंदावून मरण लवकर येईल आणि ते पाप आपल्या माथी बसेल. काय करावं?

उत्तर : मॉर्फिन जरूर द्या. आत्यांची भीती 'खून करू नकोस' या पाचव्या आज्ञेच्या आदरातून आली आहे, म्हणून तिला नीट उत्तर द्यायला हवं.

तेराव्या शतकातले कॅथलिक धर्मपंडित संत थॉमस अक्वायनस यांनी 'सुम्मा थिओलॉजिए' या आपल्या ग्रंथात स्वसंरक्षणाचा विचार करताना (२-२, प्रश्न ६४, कलम ७) सांगितलं, की एका कृतीचे दोन परिणाम होऊ शकतात, एक हेतूतला आणि एक हेतूबाहेरचा. कृतीची पारख हेतूतल्या परिणामावरून होते. मात्र गरजेहून जास्त बळ वापरलं, तर तीच कृती अनुचित. पुढच्या नीतिशास्त्रज्ञांनी यावरून चार कसोट्या बांधल्या : कृती मुळात वाईट नसावी, वाईट परिणाम मनात धरलेला नसावा, चांगला परिणाम वाईटाच्या वाटेने येऊ नये आणि धोका पत्करण्याइतकं गंभीर कारण असावं.

घोटाळा होतो तो तिसऱ्या कसोटीत. मॉर्फिन मज्जासंस्थेवर काम करतं, म्हणून वेदना शमते. त्यासाठी मरण यावं लागत नाही. 'सोडवणाऱ्या' इंजेक्शनात मात्र मरण हाच उपाय असतो. स्वतःला एवढंच विचारा : बाबा उद्याही जिवंत असले, तर आमचा बेत फसला असं वाटेल का?

हेतू मात्रेतही दिसतो. डॉक्टर थोड्यापासून सुरुवात करतात, बहुधा तोंडावाटे दर चार तासांनी ५ मिलिग्रॅम, आणि वेदना पाहून वाढवतात. असं बेताने दिल्यास सहसा आयुष्य घटत नाही. बद्धकोष्ठ मात्र हमखास होतो, तेव्हा रेचक पहिल्या दिवसापासून मागून घ्या. वेदना आटोक्यात असताना घरचे 'अजून वाढवा' म्हणू लागले, तर हेतू घसरला समजा.

पोप पायस बारावे यांनी २४ फेब्रुवारी १९५७ रोजी भूलतज्ज्ञांना हेच सांगितलं : दुसरा उपाय नसेल आणि रुग्णाची धार्मिक व नैतिक कर्तव्यं अडत नसतील, तर आयुष्य घटण्याचा संभव असूनही वेदनाशामक देता येतं. म्हणून गुंगी वाढण्याआधी पापनिवेदन, कम्युनियन (ख्रिस्तप्रसाद), मृत्युपत्र आणि कुणाशी अबोला असेल तर भेट, हे उरकून घ्या. बाबा शुद्धीत आहेत, तेव्हा औषधाबद्दल त्यांनाही विचारा. स्वखुशीने थोडी वेदना सोसायचा त्यांना हक्क आहे. ती त्यांच्यावर लादायचा आत्यांना नाही. फादरांना आजच फोन करा.