ओर्काला ‘किलर व्हेल’ म्हणतात, मग तो देवमासा की डॉल्फिन?

दोन्ही. ओर्का डॉल्फिनच्या कुळातला, त्या कुळातला सर्वांत मोठा प्राणी. पण सगळे डॉल्फिन दात असलेल्या देवमाशांच्याच गटात मोडतात, त्यामुळे ‘व्हेल’ म्हणणं सरसकट चूक नाही. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने 1758 मध्ये त्याला ‘डेल्फिनस ओर्का’ म्हटलं होतं, म्हणजे डॉल्फिनांतच धरलं होतं. पुढे प्रजातीचं (जीनसचं) नाव, म्हणजे पहिला शब्द, बदलून ‘ओर्सिनस’ झालं.

खरी गफलत शब्दांच्या क्रमात आहे. ओर्कांचे कळप मोठ्या देवमाशांचीही शिकार करतात, तेव्हा ‘देवमासे मारणारा’ हे वर्णन चपखल बसतं. तेच उलटं करून ‘मारणारा देवमासा’ म्हटलं की वाटतं, हा माणसांच्या जिवावर उठलाय. मोकळ्या समुद्रात ओर्काने माणसाला ठार केल्याची खात्रीशीर नोंद नाही, म्हणून मला हे नाव अन्यायाचं वाटतं आणि मी ओर्काच म्हणतो.

मराठीत तर आणखी गंमत: ‘किलर व्हेल’चं शब्दशः ‘मारेकरी देवमासा’ केलं, तर एकाच नावात देवही आला, मारेकरीही, आणि मासा तर तो मुळीच नाही! तो सस्तन प्राणी, पिल्लांना दूध पाजणारा.

आणि ‘फॉल्स किलर व्हेल’ म्हणजे खोटा ओर्का नव्हे. तो वेगळा, जवळपास पूर्ण काळा डॉल्फिन. कवटीतल्या साम्यामुळे हे नाव चिकटलं.