चौरस केक पाच जणांत सारखा कसा कापायचा?

प्रश्न : घरी २० सेंमी बाजूचा चौरस केक केला. वरून आणि चारही बाजूंनी आयसिंग होतं, खाणारे पाच जण. मध्यापासून ७२-७२ अंशांचे कोन मोजून कापला, तरी तुकडे लहान-मोठे झाले. केक आणि आयसिंग दोन्ही सारखं वाटलं जाईल असं कापता येतं का?

उत्तर : येतं, आणि कोनमापक लागतच नाही. सारखे कोन म्हणजे सारखे वाटे हे गोल केकपुरतं खरं, कारण तिथे कड मध्यापासून सगळीकडे एकाच अंतरावर असते. चौरसात बाजूचा मध्य केंद्रापासून १० सेंमीवर, पण कोपरा १४ सेंमीहून जरा लांब. म्हणून ७२ अंशांचा तुकडा बाजूच्या मधोमध पडला तर सुमारे ७२.७ चौसेंमी भरतो, कोपऱ्यावर मधोमध पडला तर ८४.२. वाटा हवा ८० चा.

कोन सोडा, कड वाटा. परिमिती ८० सेंमी, म्हणजे प्रत्येकी १६. एका कोपऱ्यापासून निघा आणि कडेकडेने दर १६ सेंमीवर टूथपिक खोचा. पहिली खूण पहिल्या बाजूवर १६ वर येईल, दुसरी पुढच्या बाजूवर १२ वर, मग ८ वर, मग ४ वर, आणि पाचवी थेट निघालेल्या कोपऱ्यावर. प्रत्येक खुणेपासून केंद्रापर्यंत सरळ कापा.

हे जमतं कारण केंद्रापासून चारही बाजूंचं लंबांतर १० सेंमीच आहे. पहिला तुकडा त्रिकोण : पाया १६, उंची १०, क्षेत्रफळ ८०. दुसरा कोपरा वळून जातो. मनातल्या मनात केंद्र त्या कोपऱ्याला जोडा, की ४ आणि १२ पायाचे दोन त्रिकोण दिसतील : २० अधिक ६०, पुन्हा ८०. कडही प्रत्येकाला १६ सेंमी, त्यामुळे बाजूचं आयसिंगही सारखं. सुरुवात कोपऱ्यातूनच हवी असं नाही, कुठूनही करा. सात जण असतील तर ८० ला ७ ने भागा, बाकी सगळं तेच.

गडबड होते ती बहुधा केंद्र चुकल्यामुळे. ते पहिल्या बाजूकडे फक्त १ सेंमी सरकलं, तर पहिला तुकडा ७२ चा होतो आणि चौथा ८६ चा. म्हणून समोरासमोरच्या कोपऱ्यांवर दोन दोरे ताणा, ते जिथे छेदतात तिथे टूथपिक रोवा. माप आयसिंग झाल्यावरच घ्या. भांडं २० चं असलं तरी केक २१ चा झालेला असू शकतो, मग वाटा १६.८ सेंमीचा. मधे फुगलेला केक आयसिंगआधी सपाट कापून घ्या, कारण हा सगळा हिशेब जाडी सगळीकडे सारखी धरून आहे.

प्रश्न : ३० × २० सेंमीच्या आयताकृती केकला हीच रीत चालेल?

उत्तर : नाही. इथे लांब बाजू केंद्रापासून १० वर आणि आखूड बाजू १५ वर आहे. २० सेंमी कड लांब बाजूवर घेतली तर १०० चौसेंमी केक मिळतो, आखूड बाजूवर घेतली तर १५०. नुसता केक सारखा हवा असेल तर ६ सेंमी रुंदीच्या पाच उभ्या पट्ट्या पुरतात, मात्र टोकाच्या दोघांना आयसिंग जास्त जातं. कड वाटायची रीत जिथे एका बिंदूपासून सगळ्या बाजू सारख्या अंतरावर असतात तिथेच लागते : समभुज चौकोन, नियमित षटकोन, कुठलाही त्रिकोण. त्रिकोणात हा बिंदू म्हणजे कोनदुभाजकांचा छेदनबिंदू.

प्रश्न : गोल पिझ्झा दोघांत वाटायचा होता, पण पहिला काप मध्यातून गेलाच नाही. आता?

उत्तर : काळजी नको. त्या कापावरचा कुठलाही एक बिंदू धरा आणि त्यातून आणखी तीन सरळ काप द्या. शेजारच्या दोन कापांमधला कोन बरोबर ४५ अंश हवा. आठ तुकडे होतील, आकाराने वेगवेगळे. एकाने एकाआड एक तुकडे घ्यावेत, दुसऱ्याने उरलेले. दोघांचं क्षेत्रफळ तंतोतंत सारखं येतं, कडेची लांबीसुद्धा. हा प्रश्न १९६७ मध्ये ‘मॅथमॅटिक्स मॅगझीन’मध्ये एल. जे. अप्टन यांनी विचारला आणि पुढच्या वर्षी मायकेल गोल्डबर्ग यांनी सोडवला. बिंदू मध्यापासून हलला असेल तर दोन किंवा तीन कापांवर भागत नाही. काप चार, सहा, आठ असे सम संख्येतच हवेत, आणि सारख्या कोनांचे. थालिपिठाला मात्र हे लावू नका, हाताने थापलेलं क्वचितच पुरतं गोल असतं.