ट्रॅकर परत करू नका, आधी नजरेचा वाटा शून्यावर आणा

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि झोपायच्या आधी हे लिहायला बसलो, कारण तीन वर्षांपूर्वीचा मीच त्यात दिसलो. एलिट डेंजरस या अंतराळयान उडवायच्या खेळात स्टेशनवर उतरताना कॅमेरा वरखाली डुलतो, डावीकडचं पॅनल मध्येच आपोआप उघडतं, आणि विक्रेत्याकडून प्रत्येक मेलला ‘पुन्हा कॅलिब्रेट करा’ एवढंच उत्तर येतं. म्हणून टोबी आय ट्रॅकर ५, म्हणजे नजर आणि मान ओळखून खेळातला कॅमेरा फिरवणारा हा ट्रॅकर, परत करावा का, असं तुम्ही विचारलंय. निदान या आठवड्यात तरी करू नका. तुमचं यंत्र बहुतेक धडधाकट आहे.

ड्रायव्हर, मॅग्नेटची पट्टी, यूएसबी थेट मदरबोर्डला लावणं हे सगळं तुम्ही केलेलं दिसतंय, त्यात जात नाही. मी तंत्रज्ञ नाही, फक्त रोज रात्री तासभर उडणारा माणूस आहे. माझा स्क्रीन २७ इंची आहे, तुमचाही तेवढाच आहे, त्यामुळे माझे आकडे तुम्हाला बरेचसे लागू पडावेत. ज्यांचा ३४ इंची वाइड आहे त्यांनी माझ्या भरवशावर राहू नये. हा ट्रॅकर १६:९ मध्ये २७ इंचांपर्यंत आणि २१:९ मध्ये ३० इंचांपर्यंतच्या स्क्रीनसाठी आहे, त्याच्या पुढे कडांना काय होतं ते मी स्वतः पाहिलेलं नाही.

आता मुख्य गोष्ट. मी घेतल्या घेतल्या काय केलं, तर नजरेची संवेदनशीलता जवळजवळ पूर्ण वर नेली आणि मानेची अगदी कमी ठेवली. पैसे डोळे ओळखणाऱ्या यंत्राचे मोजलेत, तर कॅमेरा डोळ्यांनीच फिरवायचा, असं डोक्यात होतं. तुम्ही टाकलेल्या स्क्रीनशॉटमध्ये तुमचेही स्लायडर तसेच आहेत.

यात काय बिघडतं ते उतरतानाच्या त्या अर्ध्या मिनिटात नीट कळतं. माझं टाइप-९ हे मोठं मालवाहू जहाज मालाने भरलेलं, कोरिओलिस प्रकारच्या स्टेशनच्या आत शिरलेलं, उतरायचा मोठा पॅड समोर खाली. पॅडच्या जवळ गेलं की रडारच्या जागी पॅडची आकृती येते, ती तुम्हाला माहीतच आहे. मी त्या आकृतीकडे पाहिलं. नजर खाली गेली म्हणून कॅमेरा खाली वळला. कॅमेरा खाली वळला म्हणून आकृती स्क्रीनवर वर सरकली. मी आकृतीच बघत होतो, त्यामुळे नजरही तिच्यामागे वर गेली. नजर वर आली म्हणून कॅमेरा परत वर. आकृती पुन्हा खाली, नजर पुन्हा खाली. हे चक्र सेकंदाला एक-दोनदा फिरत राहतं आणि आपल्याला वाटतं की ट्रॅकर थरथरतोय. ट्रॅकर तर अगदी अचूक काम करत असतो. तो जितका अचूक, तितकं ते डुलणं स्वच्छ दिसतं!

मानेचं असं होत नाही. मान वीस अंश उजवीकडे वळवली, कॅमेरा सत्तर अंश गेला, चित्र सगळं सरकलं, तरी मान आहे तिथेच राहते. चित्र हललं म्हणून मान हलत नाही. डोळा मात्र हलतोच, कारण चित्राच्या मागे जाणं हेच त्याचं काम आहे. शिवाय आपल्याला खरं तीक्ष्ण दिसतं ते मधल्या दोनेक अंशांत, म्हणून डोळा सेकंदाला साधारण तीन वेळा जागा बदलतो. इंधनाचा काटा, वेग, समोरचा पत्रपेटीच्या फटीसारखा दरवाजा, त्याच्या उजव्या बाजूचा हिरवा दिवा, पुन्हा वेग. यातल्या प्रत्येक कटाक्षाला कॅमेऱ्याने वळायचं ठरवलं तर उतरणार कसं?

हे समजायला मला तीन महिने लागले, आणि त्यातले अडीच एका दुरुस्ती केंद्राने खाल्ले. नाव घेत नाही. पहिला मेल केला, उत्तर आलं कॅलिब्रेट करा. केलं. दुसऱ्याला तेच उत्तर. तिसऱ्या वेळी व्हिडिओ मागितला. मी मोबाइल पुस्तकांच्या ढिगावर टेकवून स्क्रीन आणि माझा चेहरा दोन्ही दिसतील असा व्हिडिओ काढला, त्यावर नऊ दिवस काही नाही, मग यंत्र पाठवा म्हणाले, कुरियरचा खर्च तुमचा. पाठवलं. महिन्याहून जास्त काळ गेला आणि तेच यंत्र परत आलं. आत एक चिठ्ठी, ‘दोष आढळला नाही’. मला राग यंत्र परत आल्याचा नाही, कारण दोष खरंच नव्हता. राग याचा आहे की इतक्या मेलांत एकानेही विचारलं नाही, तुमची नजरेची संवेदनशीलता किती आहे? एका ओळीचा प्रश्न होता. माझ्या दुसऱ्या मेलमध्ये स्क्रीनशॉट जोडलेला होता, तो उघडून पाहिला असता तरी पुरे होतं. ज्यांच्याकडे रोज अशा तक्रारी येतात त्यांना हे माहीत नसेल, हे माझ्या मनाला आजही पटत नाही. तुमच्या पोस्टमधली विक्रेत्याची उत्तरं वाचताना तोच संताप पुन्हा वर आला, म्हणून इतकं लिहिलं.

सुटलं ते कसं, तर यंत्र परत आल्यावर कोणता अक्ष बिघडलाय ते शोधायला मी एकेक स्लायडर शून्यावर नेत होतो. नजरेचा शून्यावर नेला आणि डुलणं तिथल्या तिथे थांबलं.

तर तुम्हीही आधी नजर शून्यावर न्या आणि दोन दिवस फक्त मानेवर उडा. मध्यभागी तीन ते चार अंश मृत पट्टा ठेवा, म्हणजे श्वास घेतला, खाकरलं तर चित्र हलणार नाही. त्यापुढे वक्र, म्हणजे मान किती वळली की कॅमेरा किती वळतो ती रेषा, सुरुवातीला सपाट आणि कडेला चढता असू द्या. माझी मान बावीस-तेवीस अंश वळली की खेळातला कॅमेरा नव्वदच्या आसपास जातो. त्याहून जास्त मान वळवली तर डोळे स्क्रीन सोडू लागतात आणि मग डोळे दुखतात. वरखाली अक्ष खालच्या बाजूला मी यापेक्षा बराच मंद ठेवलाय, कारण लढाईत डोक्यावरून जाणारं जहाज बघायला वर पाहावं लागतं, पण उतरताना खाली थोडंच पुरतं. डोकं कलवण्याचा अक्ष पूर्ण बंद. तो चालू ठेवून कोणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही, पण हे माझं मत झालं.

दोन दिवसांनी हवं तर नजरेला थोडा वाटा द्या. माझ्याकडे पंधरा-वीस टक्के आहे, म्हणजे कडेला पाहिलं की चित्र जरासं पुढे सरकतं, बस. उतरताना तेवढंही नको वाटतं, म्हणून ट्रॅकिंग थांबवायचं बटण आणि मध्यावर आणायचं बटण दोन्ही जॉयस्टिकवर अंगठ्याखाली ठेवा. कीबोर्ड शोधायला हात गेला की मान हलते आणि सगळं तिथेच फसतं.

पॅनलचं वेगळं आहे. खेळाच्या कंट्रोल्समध्ये प्रत्येक पॅनलला ते कशाने उघडायचं याचा पर्याय असतो, त्यात ‘पाहिल्यावर उघडा’ असेल तर तो काढून टाका, चारही पॅनलांचा. डावं उघडलं की तुमची बटणं जहाजाऐवजी पॅनलला जातात आणि जहाज आपल्या वेगाने पुढे जात राहतं. मी टाइप-९ दरवाजाच्या कडेला घासलं ते असंच.

एक खिडकीचं. ट्रॅकर अवरक्त प्रकाश टाकून डोळ्यातलं त्याचं प्रतिबिंब वाचतो, आणि थेट ऊन पडलं की त्याला काही दिसत नाही. माझी खोली पश्चिमेची, साडेचार ते सहा जाड पडदा लावल्याशिवाय चालतच नाही. जुना पिवळा हॅलोजन दिवाही समोर नको. कॅलिब्रेशन करायचंच असेल तर रात्री, नेहमीच्या दिव्यात आणि नेहमीच्या खुर्चीत करा.

चाळिशीचा चष्मा असेल तर काचा पुसून घ्या, हे किरकोळ वाटतं पण मला फरक पडला. प्रोग्रेसिव्ह काचांमध्ये आपण नकळत हनुवटी वर करून बघतो, आणि कॅमेरा वर जातो. मी संगणकाच्या अंतराचा साधा वेगळा चष्मा करून घेतला. डोळ्यांचा काही आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारा, माझं ऐकू नका.

आणि हे वाचणारे ज्यांनी अजून काहीच घेतलेलं नाही, त्यांनी आधी ओपनट्रॅक हे मोफत सॉफ्टवेअर साध्या वेबकॅमवर चालवून बघा. त्यातला न्यूरलनेट ट्रॅकर चेहऱ्यावरून मान ओळखतो, कपाळाला काही बांधावं लागत नाही. प्रकाश चांगला लागतो आणि थोडा उशीर जाणवतो, पण मानेने कॅमेरा फिरवणं आपल्याला मानवतं का, हे पैसे न घालवता कळतं. त्यातलाच ॲक्सेला हा हालचाल गुळगुळीत करणारा फिल्टर लावा, नाहीतर बारीक थरथर राहते.

हे सगळं खेळातल्या डॉकिंगच्या प्रशिक्षणात करून बघा, तिथे जहाज फुटलं तरी विम्याचे पैसे जात नाहीत. नजर शून्यावर नेऊनही डुलणं राहिलं तर मानेच्या वक्राचा स्क्रीनशॉट इथेच टाका, मी रोज रात्री दहानंतर असतो.